प्रवाळांबद्दल तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळांवर माझा लेख आला होता. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते आधी घेते. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

मी बारावी सायन्सला आहे. समुद्र एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याला. मला पोहता येत नाही. घरचे म्हणतात, समुद्राकाठच्या लोकांनी करायच्या गोष्टी आहेत या. मला प्रवाळांची शास्त्रज्ञ होता येईल का? तुम्ही कशा झालात?
*– विद्यार्थिनी, बार्शी*

होता येईल. मी स्वतः मिरजेची. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामाने मला घाटावरून ढकललं आणि मी पोहायला शिकले. समुद्राशी खरी ओळख झाली ती बी.एस्सी.ला असताना, कॉलेजच्या सहलीत. रत्नागिरीजवळ ओहोटीच्या वेळी प्राणिशास्त्राच्या बाईंनी आम्हाला खडकावरून चालवत नेलं आणि एका खळग्यापाशी बसवलं. वीतभर पाणी, त्यात समुद्रफुलं, शंखातले खेकडे आणि खडकाला चिकटलेला, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला एक तपकिरी गोळा. बाई म्हणाल्या, हा प्रवाळ, हा जिवंत आहे. बाकीची मुलं पुढे गेली तरी मी तिथेच बसून राहिले, भरतीचं पाणी आत यायला लागेपर्यंत.

पुढे एम.एस्सी.ला गोव्याला गेले. ते १९९८ साल होतं. त्या वर्षी एल निनोमुळे उष्ण कटिबंधातले समुद्र असे तापले की जगातल्या सुमारे १६ टक्के प्रवाळभित्ती (प्रवाळांच्या सांगाड्यांनी बनलेले खडक) उद्ध्वस्त झाल्या. त्यानंतर एका प्रकल्पावर सहाय्यक म्हणून मला लक्षद्वीपला जायला मिळालं. पुस्तकांतली रंगीत चित्रं डोक्यात घेऊन मी पाण्यात उतरले. खाली सांबरशिंगासारख्या फांद्यांचं रान होतं, पण सगळं मेलेलं. फांद्यांवर शेवाळाचा मळकट थर होता आणि माशाचं शेपूट लागलं तरी टोकं मोडत होती. मी पाहिलेली पहिली प्रवाळभित्ती ही अशी होती. आमच्या मार्गदर्शकांनी खडकात एक लोखंडी खुंटी ठोकली, तिला टेप बांधली आणि वर आल्यावर एवढंच सांगितलं, की पुढच्या वर्षी याच खुंटीपाशी यायचं. माझं पुढचं सगळं काम त्या एका वाक्यातून निघालंय.

हे काम नेमकं काय असतं ते तुला सांगायला हवं, कारण टीव्हीवर त्यातलं फारसं दिसत नाही. पन्नास मीटरची टेप तळाला अंथरायची, तिच्या कडेने ठरावीक अंतरावर चौकट ठेवून फोटो घ्यायचे. गळ्यात प्लास्टिकची पाटी आणि साधी पेन्सिल असते. ती पाण्यातही लिहिते. मग किनाऱ्यावर येऊन प्रत्येक फोटोवर संगणकाने टाकलेल्या ठिपक्यांखाली काय आहे ते बघायचं: जिवंत प्रवाळ, मेलेला, शेवाळ, वाळू. पाण्यात तासभर गेला तर खुर्चीत आठवडा जातो. ज्याला एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन तेच मोजण्याचा कंटाळा येत नाही, त्याला या कामात खरा आनंद मिळतो. खुंटी तीच, टेप तीच, म्हणून बदललं काय ते छातीठोकपणे सांगता येतं.

आता तुझ्यासाठी. प्राणिशास्त्र किंवा जीवशास्त्राची पदवी घे, पण संख्याशास्त्राकडे पाठ फिरवू नकोस. माझ्याकडे येणारी मुलं पोहण्यात नाही, तिथे अडतात. सागरी विज्ञानासाठी गोवा विद्यापीठ आहे, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ ‘कुसाट’ आहे, तमिळनाडूत परंगीपेट्टैला अण्णामलई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं जुनं केंद्र आहे, आणि पाँडिचेरी विद्यापीठाचा विभाग तर थेट पोर्ट ब्लेअरला. मत्स्यविज्ञानाकडून यायचं असेल तर रत्नागिरीच्या शिरगावचं महाविद्यालय आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, ‘सीआयएफई’. पोहणं या वर्षीच शिकून घे, बार्शीत नाही जमलं तर सुट्टीत सोलापूरला. स्कूबाचं प्रशिक्षण नंतर होतं, त्याची आत्ता घाई नाही. आणि घरच्यांना सांग, भारतातल्या प्रवाळांच्या जाती ओळखून त्यांची पद्धतशीर नोंद करणाऱ्या सी. एस. गोपीनाथ पिळ्ळै यांच्यासारख्या माणसांनी आयुष्याचा केवढा तरी काळ प्रयोगशाळेत पांढऱ्या सांगाड्यांवर भिंग धरून घालवला. समुद्राकाठी जन्म लागतो असं काही नाही.

मी सातवीला विज्ञान शिकवतो. मुलं विचारतात, प्रवाळ हा दगड, झाड की प्राणी? आणि ‘पांढरा पडला’ म्हणजे मेला का?
*– शिक्षक, परभणी*

गुरुजी, प्राणीच. एकेक जीव मिलिमीटरचा किंवा सेंटिमीटरचा, नळीसारखं शरीर, वर तोंड आणि तोंडाभोवती शुंडकं. दिवसा हे जीव बहुधा आत ओढलेले असतात, रात्री बाहेर येऊन पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात. खालचा ‘दगड’ त्यांनीच समुद्रातल्या कॅल्शियमपासून बांधलेला चुनखडीचा सांगाडा. झाडासारखं जे वाटतं त्याचंही कारण आहे: त्यांच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. कित्येक जातींची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज त्यावर भागते. रंगही बराचसा त्या शैवालाचाच.

उन्हाळ्यातलं पाणी नेहमी जितकं तापतं त्याच्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो, त्याचं अंग पारदर्शक होतं आणि आतला सांगाडा पांढरा दिसू लागतो. मुलांना असं सांगा: घरातला कमावता माणूस निघून गेलाय, घर अजून उभं आहे, पण शिलकीवर किती दिवस निघणार? पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, प्रवाळ सावरतो. नाही निवलं तर उपासमारीने मरतो आणि मग त्यावर शेवाळ चढतं. म्हणून पांढरा म्हणजे मेलेला नव्हे. शेवाळ धरलेला बहुतेक मेलेला.

आम्ही रापणीची मासेमारी सोडून स्कूबाच्या धंद्यात आलो. तुम्ही लिहिलंत पर्यटकांच्या पायांनी प्रवाळ मोडतात. मग धंदा बंद करू? सिंधुदुर्ग किल्ल्याकडच्या खडपांवर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, आमच्या आजोबांपासून नांगर पडतायत, तेव्हा कोणी काही बोललं नाही.
*– होडीमालक, मालवण*

दादा, धंदा बंद करा असं मी लिहिलेलं नाही आणि म्हणणारही नाही. तुमचं पत्र वाचून मला राग नाही आला, बरं वाटलं, कारण किल्ल्याजवळच्या प्रवाळांचं पुढे काय होणार हे माझ्यापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे.

तुमच्या आजोबांच्या काळात त्या खडपावर दिवसाला किती होड्या उभ्या राहत आणि आज मे महिन्यात किती राहतात, हे तुम्हीच सांगा. नांगर तोच, पण आता तो एकाच जागी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडत-उठत राहतो. त्यात पहिल्यांदाच पाण्यात उतरलेला माणूस घाबरतो, पाय टेकायला काहीतरी शोधतो आणि सापडेल त्या दगडावर उभा राहतो. तो दगड बऱ्याचदा टर्बिनारिया जातीचा प्रवाळ असतो. परातीसारखा पसरट, कडा वर वळलेला. त्याची कड वर्षाला एखाददुसरा सेंटिमीटर वाढते. टाच टेकली आणि हातभर तुकडा निघाला, तर तो भरून यायला तुमचा मुलगा कर्ता होईल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही मालवणात पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे होणारी ही मोडतोड नोंदवली आहे.

मी मागते ते एवढंच. पहिल्यांदा उतरणाऱ्या पाहुण्याला आधी वाळूच्या तळावर न्या, तिथे त्याचा श्वास आणि तोल जमू दे, मगच खडपाकडे. त्याला प्रवाळावर उभं करून फोटो काढू नका, कितीही आग्रह झाला तरी. माशांना पाव टाकणं थांबवा. पावाच्या मागे लागलेला मासा शेवाळ खायचं सोडतो, आणि शेवाळ वाढलं की नव्या प्रवाळाला चिकटायला जागा राहत नाही. आणि नांगराऐवजी कायमचे बोये, म्हणजे तळाला बांधलेले तरंगते गोळे. एकदा तळाला पक्के बसवले की दहा होड्यांना दोर बांधता येतो. यासाठी वनखात्याकडे तुमच्याच संघटनेने अर्ज करावा, आम्ही जागा दाखवायला येऊ. सरकारी कागदावर तुमची सही असली की काम वेगळ्या वजनाने होतं, हे मी पाहिलंय.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. तेव्हा मच्छीमारांना विचारलं गेलं नाही ही तक्रार मी आजही प्रत्येक वाडीत ऐकते, आणि माझ्या मते ती रास्त आहे. समुद्राचं रक्षण मच्छीमाराला बाजूला ठेवून होत नाही. आमच्या नकाशावरची कितीतरी खडपं आम्हाला आधी तुमच्यासारख्यांनीच दाखवली, ‘हंय जाळा अडकता’ म्हणून.

अडकलेल्या जाळ्यांचंही सांगते. गेल्या हंगामात तुमच्याच गावातल्या एका डायव्हर मुलाबरोबर आम्ही एक नायलॉनचं जाळं काढलं. पाणी हिरवट, हात लांब केला तर बोटं जेमतेम दिसावीत इतकं गढूळ. जाळं प्रवाळाच्या परातींमध्ये विणल्यासारखं अडकलं होतं, त्यात एक मेलेला खेकडा आणि दोन जिवंत. मी ओढायला गेले असते तर सगळ्या कडा तुटल्या असत्या. त्या मुलाने मला मागे सारलं, कात्री घेतली आणि एकेक आस, म्हणजे जाळ्याचं एकेक घर, कापत गेला. कापलेला तुकडा लगेच पिशवीत, म्हणजे तो वाहून दुसरीकडे अडकायला नको. टाकीतली हवा संपत आली की वर यायचं, टाकी बदलायची, पुन्हा खाली. जाळ्याखालचा प्रवाळ फिका पडला होता, पण जिवंत होता. हे कौशल्य त्याला कुठल्या विद्यापीठाने दिलेलं नाही. अशा मुलांना पर्यटनाच्या हंगामाबाहेर या कामाचे रीतसर पैसे मिळाले पाहिजेत, आणि त्यासाठी मी जिथे बोलता येईल तिथे बोलते आहे.

पत्रिकेतल्या मंगळासाठी मी पोवळं घालते. तुमचा लेख वाचल्यापासून मनाला लागून राहिलंय. मालवणचे प्रवाळ तोडून ते बनतं का?
*– गृहिणी, पुणे*

नाही ताई. अंगठीतलं लाल पोवळं हा वेगळा प्राणी. प्रामुख्याने भूमध्य समुद्रात, अंधाऱ्या कपारींत आणि खोलवर वाढतो, आणि इटलीत नेपल्सजवळच्या टोरे डेल ग्रेको गावात त्याला घडवण्याची जुनी परंपरा आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रवाळभित्तींतून ते येत नाही. पण तोही अतिशय हळू वाढतो, फांदीची जाडी वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही, आणि शतकानुशतकांच्या तोडीमुळे उथळ पाण्यातली मोठी झाडोरी बरीच संपली आहेत. श्रद्धा तुमची, त्यावर मी काही बोलणार नाही. घरात आजीचं पोवळं असेल तर तेच वापरा, नवं घेऊ नका, एवढं मात्र सांगेन.

किनाऱ्यावरच्या दुकानांत शोभेला मांडलेले पांढरे प्रवाळ ही गोष्ट निराळी. ते बहुतेक आपल्याच समुद्रातले असतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना वाघाइतकंच वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो.

मुंबईत कोस्टल रोडसाठी प्रवाळ हलवले असं वाचलं. मुंबईत प्रवाळ आहेत? आणि असे उचलून दुसरीकडे लावता येत असतील तर मग एवढी काळजी कशाला?
*– निवृत्त अभियंता, दादर*

आहेत. हाजी अली, वरळी, कुलाबा इथल्या खडकांवर मोठ्या ओहोटीला पाणी मागे गेलं की दिसतात. लहान, कधी नाण्याएवढे, गढूळ पाण्याला सरावलेले. २०२० साली वरळी आणि हाजी अलीच्या काही वसाहती परवानगी घेऊन, समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उचलून मुंबईतच दुसरीकडे हलवल्या. त्यातल्या बऱ्याच जगल्या. काम करणाऱ्यांनी ते निगुतीने केलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र ठाम उत्तर देते. प्रवाळ हलवता येतो, प्रवाळभित्ती हलवता येत नाही. ज्या खडकावरून तो उचलला त्या खडकातले खेकडे, स्पंज, शंख, किडे, माशांची पिल्लं तिथेच गेली. समुद्रतळाचा एक टक्काही न व्यापणाऱ्या प्रवाळभित्ती समुद्रातल्या सुमारे पाव जातींना आसरा देतात, तो या सगळ्या गुंत्यामुळे. जिथे भित्ती आधीच मोडली आहे तिथे पुनर्रोपणाला अर्थ आहे. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी वर्षानुवर्षं प्रवाळ खणून काढले, तिथली बेटंच झिजायला लागली. तिथे तुतिकोरिनच्या संशोधकांनी कृत्रिम भित्ती टाकून, त्यावर प्रवाळ लावून चांगलं काम केलंय. पण ‘नंतर लावू’ या भरवशावर आत्ता तोडायला परवानगी देणं मला मान्य नाही, आणि जिथे मत विचारलं गेलं तिथे मी तसं लेखी दिलं आहे.

मुंबईकरांनी एखाद्या मोठ्या ओहोटीला ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाच्या किनारा-फेरीला जरूर जावं.

समुद्रच तापतोय. मग होड्यांचे नांगर आणि पाव यांनी काय फरक पडणार? तुम्ही जे वाचवता ते पुढच्या उन्हाळ्यात मरणारच ना?
*– वाचक, नाशिक*

हा प्रश्न रात्री मीही स्वतःला विचारते, म्हणून टाळत नाही.

जगात प्रवाळ पांढरे पडण्याचा चौथा मोठा फेरा सुरू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. लक्षद्वीपमध्ये तर जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के होतं, ते २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्या आसपास आलं. त्या बेटांवर सलग इतकी वर्षं मोजणाऱ्या रोहन आर्थर आणि सहकाऱ्यांच्या कामामुळे हे कळलं. १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन फटके, आणि दर वेळी सावरायला मिळालेली सवड अपुरी.

तरी लक्षद्वीपमध्येच मी दुसरीही गोष्ट पाहिली. तिथले लोक तेव्हा मुख्यतः गळ-काठीने ट्यूना पकडत, भित्तीवरचे मासे फारसे मारत नसत. त्यामुळे १९९८ नंतर मेलेल्या फांद्यांवरचं शेवाळ खरवडून खायला पोपटमासे शिल्लक होते. खरवडलेल्या जागी नवे प्रवाळ बसले. आमच्या खुंटीपाशी काही वर्षांनी टेप अंथरली तेव्हा तिच्याखाली पुन्हा जिवंत फांद्या होत्या आणि ती सरळ अंथरायला आम्हाला वेळ लागला. जिथे मासे संपवलेले असतात तिथे हे होणं अवघड जातं.

मालवणचे प्रवाळ वेगळ्या जातीचे. पोराइट्स, सिडरॅस्ट्रिया, टर्बिनारिया, दिसायला मळकट, वाढायला मंद, पण सोसायला कणखर. गेल्या दशकाच्या मध्यावरच्या उष्णतेत तेही मोठ्या प्रमाणावर फिके पडले, पण मेले त्यातले थोडे. जे प्रवाळ तापलेल्या पाण्यातून तगून निघतात त्यांना आपण टाचेखाली मोडावं, हे मला सहन होत नाही. तापमान उतरवायचं काम सरकारांचं, कारखान्यांचं आणि तुमच्या-माझ्या मतपेटीचं. ते होईपर्यंत प्रवाळाच्या अंगावरची बाकीची ओझी उतरवणं माझं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था उपग्रहाच्या नोंदींवरून पाणी किती तापतंय याचा इशारा देते. एप्रिल-मेमध्ये तो इशारा आला की किल्ल्याजवळची डायव्हिंगची जागा काही आठवडे बदलावी, असं आम्ही होडीवाल्यांना विचारतो आहोत. काही जण तयार झाले आहेत.

आंग्रिया बँकेबद्दल लेखात एकच ओळ होती. तिथे काय आहे? ती अभयारण्य का होत नाही?
*– वाचक, विजयदुर्ग*

तुमच्याच गावापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, भर समुद्रात बुडालेलं हे पठार आहे. सुमारे ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद, माथा पाण्याखाली वीसेक मीटर. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून नाव पडलं. नद्यांचा गाळ तिथे पोचत नाही, त्यामुळे पाणी निळं आणि स्वच्छ, उजेड खोलवर जातो, आणि मालवणात न दिसणारी प्रवाळांची व माशांची श्रीमंती तिथे आहे.

अडचण कायद्याच्या हद्दीची. वन्यजीव कायद्याखालचं अभयारण्य किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत जाहीर करता येतं. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे, देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात. तिथे राज्याच्या वनखात्याचं चालत नाही, केंद्रालाच वेगळी तरतूद करावी लागेल. ती व्हावी म्हणून संशोधकांनी माहिती गोळा केली आहे, आणि मी त्या मागणीच्या बाजूने आहे.

तोवर विजयदुर्ग, देवगडच्या ट्रॉलरवाल्या भावांना माझी विनंती आहे: माथ्याच्या उथळ भागावर तळाचं जाळं ओढू नका. तुमचं जाळं फाटतं, दुरुस्तीला हजारो रुपये जातात, आणि खाली जे मोडतं ते तुमच्या नातवाच्या हयातीतही पुरतं भरून येणार नाही. कुणाच्या जाळ्यात तिथले प्रवाळाचे तुकडे आलेच, तर ते फेकण्याआधी मोबाइलवर फोटो काढून, जागेचे अक्षांश-रेखांश लिहून या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. त्यावर कुणाचंही नाव घातलं जाणार नाही.